एका नौकेभोवतीचे आरमार

विमानवाहू नौकेची जी छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, त्यांत तिच्या दोन्ही अंगांना विनाशिका आणि फ्रिगेट हाकेच्या अंतरावर, ओळ धरून चालताना दिसतात. ही रचना छायाचित्रापुरती असते. हेलिकॉप्टर वरून एक फेरी मारते, चित्रे घेतली जातात आणि जहाजे पुन्हा पांगतात. मोहिमेवर असताना नौकेच्या डेकवरून पाहिले तर बहुतेक वेळा चारही बाजूंना रिकामा समुद्रच असतो. एखादी विनाशिका पंधरा-वीस सागरी मैलांवर, दुसरी क्षितिजापलीकडे, पाणबुडी पुढे कुठेतरी पाण्याखाली, तेलाचे जहाज बरेच मागे. तरीही हा एकच ताफा असतो, कारण त्यातल्या प्रत्येक जहाजाचे काम मधल्या एका नौकेवरून ठरते.

भारतीय नौदल या ताफ्याला ‘कॅरिअर बॅटल ग्रुप’ म्हणते. अमेरिकेने २००४ पासून ‘कॅरिअर स्ट्राइक ग्रुप’ हे नाव रूढ केले. ढोबळ साचा सगळीकडे सारखाच आहे. मध्ये विमानवाहू नौका, हवाई हल्ल्यापासून राखायला क्षेपणास्त्रवाहू विनाशिका, पाणबुड्या शोधायला फ्रिगेट आणि हेलिकॉप्टरे, जमल्यास स्वतःची एक पाणबुडी आणि इंधन-दारूगोळा पुरवणारे जहाज. पण जहाजांची संख्या मोजून ताफ्याची खरी ताकद कळत नाही. तो किती लांबचे पाहू शकतो, कोण कुणाला न विचारता क्षेपणास्त्र सोडू शकतो आणि तेल संपल्यावर काय करतो, या तीन बाबतींत देशादेशांचे ताफे एकमेकांपासून फार वेगळे आहेत.

वाऱ्याकडे तोंड

सगळ्या ताफ्याची चाल नौकेच्या डेकवरून ठरते. विमान उडवताना आणि उतरवताना डेकवर समोरून जोराचा वारा हवा असतो. म्हणून नौका वाऱ्याकडे तोंड करते आणि वेग वाढवते. निसर्गाचा वारा आणि नौकेचा वेग यांची बेरीज झाली की विमानाला तेवढी मदत फुकट मिळते. अडचण अशी की वारा शत्रूच्या दिशेनेही येत असतो किंवा जिकडे जायचे त्याच्या बरोबर उलट. उड्डाणे चालू असताना नौकेला हवे तसे वळता येत नाही, लपता येत नाही, आणि तेवढा वेळ सोबतच्या जहाजांना तिच्या मार्गाशी जुळवून घ्यावे लागते. बाजूला एक हेलिकॉप्टर सतत घिरट्या घालत असते. कुणी पाण्यात पडला तर उचलण्यासाठी.

वारा नसेल तर काय होते, हे १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाच्या नौदलाने अनुभवले. मे महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत त्यांची ‘व्हेंतिसिंको दे मायो’ ही नौका ब्रिटिश ताफ्यावर स्कायहॉक विमाने सोडण्याच्या तयारीत होती. एरवी वादळी असणाऱ्या दक्षिण अटलांटिकमध्ये त्या वेळी वारा पडला. नौका जुनी आणि तिचा वेग मर्यादित. बॉम्बनी भरलेली विमाने उडवता येईनात. हल्ला रद्द झाला. त्याच २ मे रोजी ब्रिटनच्या ‘काँकरर’ या अणुपाणबुडीने ‘जनरल बेल्ग्रानो’ ही क्रूझर बुडवली आणि अर्जेंटिनाची विमानवाहू नौका किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात परतली. उरलेल्या युद्धात ती पुन्हा पुढे आली नाही. पाणबुडीविरोधी कवच भक्कम नसलेली विमानवाहू नौका घरीच बसते, हा त्या युद्धाचा एक धडा.

उड्डाणाची रीतही ताफ्याला आकार देते. अमेरिका आणि फ्रान्स कॅटापल्ट वापरतात. हे डेकमध्ये बसवलेले यंत्र विमानाला दोन-तीन सेकंदांत उड्डाणाच्या वेगाला नेते. फ्रान्सच्या ‘शार्ल द गॉल’वर वाफेचे दोन कॅटापल्ट आहेत, तर अमेरिकेच्या २०१७ मध्ये दाखल झालेल्या ‘जेराल्ड आर. फोर्ड’वर विद्युतचुंबकीय. भारताच्या दोन्ही नौकांवर आणि चीनच्या पहिल्या दोन नौकांवर पुढच्या टोकाला वर वळलेला उतार आहे. विमान स्वतःच्या इंजिनावर धावते, उतारावरून हवेत फेकले जाते आणि परत येताना तारेत आकडा अडकवून थांबते. ही पद्धत साधी आहे, यंत्रसामग्री कमी लागते. पण विमानाला पूर्ण इंधन आणि पूर्ण शस्त्रे एकाच वेळी नेणे अवघड जाते. शिवाय हवाई टेहळणीचे जड, मंद विमान उतारावरून उडवता येत नाही. या एका उणिवेची किंमत सगळा ताफा मोजतो.

उंचावरचा डोळा

पृथ्वी गोल असल्यामुळे जहाजावरच्या रडारला क्षितिजाखालचे दिसत नाही. पाण्यावरून पंचवीस मीटर उंचीवर बसवलेल्या रडारला लाटांच्या वरून पाच मीटरवरून येणारे क्षेपणास्त्र साधारण तीस किलोमीटरवर आल्यावरच दिसते. ध्वनीपेक्षा थोड्या कमी वेगाचे क्षेपणास्त्र असेल तर हातात दीड-दोन मिनिटे उरतात. ब्रह्मोससारखे ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाचे असेल तर अर्धा मिनिट. रडार साडेसात हजार मीटर उंचीवर नेले तर तेच क्षेपणास्त्र दृष्टिरेषेत साडेतीनशे किलोमीटरवर येते. सोबतच्या विनाशिका कितीही महाग असल्या तरी हा फरक त्या भरून काढू शकत नाहीत.

फॉकलंड युद्धाआधी ब्रिटिश नौदलाने मोठी ‘आर्क रॉयल’ निवृत्त केली आणि तिच्यासोबत गॅनेट ही टेहळणी विमानेही गेली. १९८२ मध्ये ताफ्याकडे उंचावरून पाहणारे काहीच नव्हते. त्याची भरपाई म्हणून विनाशिका रडारच्या चौक्या म्हणून पुढे उभ्या करण्यात आल्या. ४ मे रोजी त्यांतल्याच ‘शेफील्ड’वर अर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेले एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले आणि वीस जण मृत्युमुखी पडले. युद्ध चालू असतानाच ब्रिटनने घाईघाईने सी किंग हेलिकॉप्टरवर रडार बसवायला घेतले. त्या ताफ्याचे ध्वजजहाज होते ‘हर्मिस’. पाच वर्षांनी तीच नौका ‘आयएनएस विराट’ म्हणून भारताच्या सेवेत आली आणि २०१७ पर्यंत राहिली.

आज अमेरिका आणि फ्रान्स यांच्या ताफ्यांकडे हॉकआय हे विमान आहे. पाठीवर तबकडीसारखे रडार असलेले हे दोन पंख्यांचे विमान कॅटापल्टवरून उडते आणि काही तास वर राहते. ते नुसते पाहत नाही. लढाऊ विमानांना दिशा देते, आणि अमेरिकी पद्धतीत विनाशिकेला स्वतःला न दिसणाऱ्या लक्ष्यावर क्षेपणास्त्र सोडता येईल इतकी अचूक माहिती पुरवते. ब्रिटनच्या ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या नौकांवर कॅटापल्ट नाही, म्हणून तिथे मर्लिन हेलिकॉप्टरवर बसवलेले ‘क्रोजनेस्ट’ रडार आहे. भारताकडे कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर आहे. त्याच्या पोटाखालचा सपाट अँटेना उड्डाणानंतर खाली उघडतो आणि फिरू लागतो. ते तीन हजार मीटरपर्यंत चढले तर दृष्टिरेषा दोनशे किलोमीटरपलीकडे जाते, पण हेलिकॉप्टर दोन-अडीच तासांत परत येते आणि त्याच्या जागी दुसरे उडवावे लागते. चीनने ही उणीव ओळखून थेट मोठी उडी घेतली. नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखल झालेल्या ‘फूजियान’वर विद्युतचुंबकीय कॅटापल्ट आहेत आणि त्यांवरून उडणारे केजे-६०० हे टेहळणी विमान हॉकआयच्याच घाटाचे आहे.

हुकूम कुणाचा

अमेरिकी ताफ्याची बांधणी कायमची असते. एक रिअर अॅडमिरल, त्याची एक नौका, तिच्यावरची साठ-सत्तर विमानांची विंग, एक क्रूझर आणि विनाशिकांचे एक पथक हे सगळे एकत्र सराव करतात आणि एकत्रच मोहिमेवर जातात. माणसे सात हजारांच्या आसपास. अॅडमिरल नौकेवर असतो, पण नौका चालवत नाही. तो लढाईची कामे वाटून देतो. हवाई संरक्षण क्रूझरच्या कॅप्टनकडे, पाणबुड्या आणि शत्रूची जहाजे विनाशिका पथकाच्या प्रमुखाकडे, हल्ल्याचे नियोजन विमानांच्या विंगप्रमुखाकडे. विंगप्रमुख आणि नौकेचा कप्तान समान दर्जाचे असतात. विमाने विंगप्रमुखाची, डेक कप्तानाचा.

या रचनेचा गाभा म्हणजे ‘नकाराने हुकूम’. कामे सोपवलेला अधिकारी प्रत्येक पाऊल विचारून टाकत नाही. तो काय करणार आहे ते सांगतो आणि करतो. अॅडमिरलला पटले नाही तरच तो थांबवतो. शीतयुद्धात सोव्हिएत बॉम्बर एकाच वेळी शेकडो क्षेपणास्त्रे सोडतील या भीतीतून ही पद्धत घडली. तेवढ्या वेळात परवानग्या मागत बसणे शक्यच नव्हते. पण वेगाने निर्णय घेणारी रचना वेगाने चूकही करते. २२ डिसेंबर २०२४ रोजी तांबड्या समुद्रात ‘हॅरी एस. ट्रुमन’ ताफ्यातल्या ‘गेटिसबर्ग’ या क्रूझरने आपल्याच नौकेच्या सुपर हॉर्नेट विमानावर क्षेपणास्त्र सोडले. विमान पडले, आतले दोघे वाचले. येमेनमधल्या हूथींच्या ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा मारा झेलणाऱ्या ताफ्यात आपले कोण आणि परके कोण हे काही सेकंदांत ठरवावे लागत होते, आणि ते ठरवणारे जहाज ताफ्याच्या हवाई संरक्षणासाठीच नेमलेले होते. अमेरिकेच्या या क्रूझर आता टप्प्याटप्प्याने निवृत्त होत आहेत. त्यांचे काम नव्या आर्ली बर्क विनाशिकांकडे जात आहे.

चिनी नौदलात रचना दुसऱ्याच पायावर उभी आहे. मोठ्या जहाजावर कप्तानाच्या जोडीला समान दर्जाचा राजकीय कमिसार असतो आणि महत्त्वाचे निर्णय जहाजावरच्या पक्षसमितीत होतात. शांततेच्या काळात शिस्त आणि निष्ठा राखायला ही व्यवस्था चालते. वेगवान हवाई लढाईत ती कशी वागेल याची परीक्षा अजून झालेली नाही. चिनी ताफ्याचे बळ त्याच्या सोबतच्या जहाजांत आहे. टाइप ०५५ या विनाशिकेचे वजन बारा हजार टनांच्या पुढे आहे आणि तिच्यावर उभ्या क्षेपणास्त्र-नळ्या ११२. तुलनेसाठी, ब्रिटनच्या टाइप ४५ वर हवाई संरक्षणाच्या नळ्या ४८ आणि भारताच्या विशाखापट्टणम वर्गात बराक-८ साठी ३२. जून २०२५ मध्ये ‘लिआओनिंग’ आणि ‘शानडोंग’ या दोन्ही नौका एकाच वेळी पश्चिम पॅसिफिकमध्ये होत्या. अशा सरावांचा उद्देश विमाने उडवण्यापेक्षा ताफे एकमेकांशी जुळवण्याचा अधिक दिसतो.

तेल

अणुशक्तीवर चालणारी नौका वर्षानुवर्षे इंधनाशिवाय फिरू शकते, हे अर्धेच खरे. अमेरिकेच्या निमिट्झ वर्गातल्या नौकेची अणुभट्टी पन्नास वर्षांच्या आयुष्यात एकदाच भरावी लागते. पण विमाने केरोसीनवर उडतात, सोबतच्या विनाशिका तेलावर चालतात आणि हजारो माणसांना रोज जेवण लागते. दणकून उड्डाणे चालू असली की विमानांचे इंधन काही दिवसांत भरून घ्यावे लागते. १९६४ मध्ये अमेरिकेने ‘एंटरप्राइज’, ‘लाँग बीच’ आणि ‘बेनब्रिज’ या तीन अणुनौका वाटेत इंधन न भरता जगाभोवती फिरवल्या. पण सोबतची सगळी जहाजे अणुशक्तीवर चालवणे इतके महाग पडले की तो मार्ग सोडून द्यावा लागला.

म्हणून तेलाचे जहाज हा ताफ्याचा अविभाज्य भाग असतो. पुरवठ्याच्या वेळी दोन जहाजे चाळीस-पन्नास मीटर अंतर ठेवून, बारा-पंधरा नॉट वेगाने, तासन्तास शेजारी-शेजारी चालतात. मधून पोलादी दोर आणि जाड नळ्या ताणलेल्या. दोघांच्या मधून पाणी वेगाने वाहते, तिथला दाब कमी होतो आणि जहाजे एकमेकांकडे ओढली जातात. सुकाणूवरच्या नाविकाला अर्ध्या-अर्ध्या अंशाची दुरुस्ती सतत करावी लागते. या वेळी दोन्ही जहाजे हवी तशी वळू शकत नाहीत. पाणबुडीला याहून चांगली संधी मिळत नाही, म्हणून हेलिकॉप्टरे आधीच पुढे धाडलेली असतात.

तेल समुद्रात भरता येते, पण उभ्या नळ्यांत क्षेपणास्त्रे भरायला विनाशिकेला सहसा बंदरातच जावे लागते. तांबड्या समुद्रातल्या महिन्यांनी ही अडचण ठळक केली आणि अमेरिकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘चोसिन’ या क्रूझरवर समुद्रात नळी भरण्याचा प्रयोग केला. चीनने पुरवठ्याची कला एडनच्या आखातात शिकली. डिसेंबर २००८ पासून तिथे चाचेविरोधी गस्त घालताना घरापासून हजारो मैलांवर जहाजे चालू ठेवणे त्यांना भाग पडले. त्यानंतर विमानवाहू ताफ्यांसाठी खास टाइप ९०१ हे मोठे, वेगवान पुरवठा जहाज आले. ब्रिटनची स्थिती याच्या उलट. दोन मोठ्या नौका बांधल्या, पण दारूगोळा आणि सुटे भाग नेणारे ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे एकच जुने जहाज उरले आहे.

उसने सोबती

एकच विमानवाहू नौका असलेला देश ताफा वेगळ्या हिशेबाने बांधतो. ‘शार्ल द गॉल’ २००१ मध्ये दाखल झाली. ही ४२ हजार टनांची अणुनौका तूलाँ बंदरातून निघते तेव्हा एक-दोन हवाई संरक्षण जहाजे, एक-दोन पाणबुडीविरोधी फ्रिगेट, एक अणुपाणबुडी आणि एक पुरवठा जहाज सोबत असते. बाकीची जहाजे मित्रदेशांकडून येतात. नौका २०१७-१८ मध्ये दीड वर्ष दुरुस्तीला गेली तेव्हा फ्रान्सकडे विमानवाहू ताफाच नव्हता. वैमानिकांची सवय मोडू नये म्हणून राफेल विमाने अमेरिकेला नेऊन ‘जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश’वर सराव करण्यात आला. या ताफ्याला आणखी एक जबाबदारी आहे. नौकेवरची राफेल विमाने अण्वस्त्रही नेऊ शकतात.

ब्रिटनने परक्यांची सोबत हीच पद्धत केली. २०२१ च्या पहिल्या मोठ्या सफरीत ‘क्वीन एलिझाबेथ’वर ब्रिटनची आठ एफ-३५बी विमाने होती आणि अमेरिकी मरीन दलाची दहा. संरक्षणाला अमेरिकी विनाशिका आणि डच फ्रिगेट होती. २०२५ मध्ये ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हिंद महासागरात आली. जूनमध्ये तिच्यावरचे एक एफ-३५बी तिरुवनंतपुरमला उतरले, तांत्रिक बिघाडामुळे महिनाभराहून अधिक तिथेच राहिले, आणि केरळच्या विमानतळावर उभे असलेले ते विमान देशभर चर्चेचा विषय झाले. ताफ्यात डेक एकच असला की पर्यायी धावपट्टी म्हणजे जवळचा मित्रदेश.

रशियाची कल्पना मुळातच निराळी होती. सोव्हिएत नौदलाला विमानवाहू नौका दूर जाऊन हल्ला करण्यासाठी नको होती. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातल्या आपल्या क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्यांवर छत्र धरायला हवी होती. म्हणून ‘अॅडमिरल कुझ्नेत्सोव्ह’च्या डेकखालीच जहाजविरोधी बारा ग्रॅनिट क्षेपणास्त्रे बसवली गेली आणि तिची गणना क्रूझरमध्ये झाली. २०१६ मध्ये ती सीरियाकडे निघाली तेव्हा बिघाडाच्या भीतीने सोबत ओढणारे टग होते. त्या मोहिमेत दोन विमाने गमावून ती परतली आणि दुरुस्तीला गेली.

कारवार, दाबोळी, माझगाव

भारतीय ताफा अमेरिकेसारखा कायमचा बांधलेला नसतो. मुंबईतला पश्चिमी ताफा आणि विशाखापट्टणमचा पूर्व ताफा यांच्याकडे जहाजे असतात. मोहिमेच्या गरजेनुसार त्यांतून विनाशिका, फ्रिगेट आणि तेलाचे जहाज निवडून नौकेभोवती गट उभा केला जातो. यात लवचिकता आहे. मात्र तीच जहाजे वर्षभर एकत्र न राहिल्याने जुळवणीचा सराव दर वेळी नव्याने करावा लागतो.

या पद्धतीची मुळे १९७१ च्या युद्धात दिसतात. पहिल्या ‘विक्रांत’च्या बॉयलरला तडे गेले होते आणि तिचा वेग मर्यादित होता. तिला पश्चिमेकडून हलवून बंगालच्या उपसागरात ठेवण्यात आले. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी ‘राजपूत’ या विनाशिकेकडून बनावट संदेश धाडून नौका विशाखापट्टणमजवळच आहे असा भास निर्माण केला. तिला शोधायला आलेली पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी तिथेच बुडाली. नौका स्वतः अंदमानकडे होती. ४ डिसेंबरपासून तिच्या सी हॉक आणि अलीझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव इथे हल्ले केले. सोबतची जहाजे मोजकी असल्यामुळे लपणे हेच तिचे मुख्य संरक्षण होते.

आजचा ताफा वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेला आहे. ‘विक्रमादित्य’ रशियाच्या ‘गोर्शकोव्ह’पासून घडवलेली, २०१३ ची, तिचा तळ कारवार. नवी ‘विक्रांत’ कोची इथे बांधली गेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली. ती २६२ मीटर लांब आहे आणि तिच्यावर सुमारे तीस विमाने-हेलिकॉप्टरे राहतात. मिग-२९के विमानांच्या तुकड्या गोव्यात दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर असतात. तिथेच जमिनीवर नौकेच्या डेकसारखा उतार आणि अडवणाऱ्या तारा बांधल्या आहेत. वैमानिक आधी तिथे शिकतो आणि मग समुद्रावर जातो. नौदलासाठीचे तेजस सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम इथल्याच तारेवर थांबले आणि जानेवारी २०२० मध्ये ‘विक्रमादित्य’वर उतरले. राफेल-मरीनने २०२२ मध्ये याच उतारावरून आपली क्षमता सिद्ध केली.

ताफ्याचे कवच मुंबईत घडते. कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गातल्या विनाशिका माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. त्यांतली शेवटची, ‘सुरत’, जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली. मुंबईच्या नौदल गोदीत २०१९ पासून विमानवाहू नौकेला सामावणारी कोरडी गोदी आहे. तिचे महत्त्व विनाशिकेइतकेच आहे. नौकेचा तळ खरवडायला आणि पंखे तपासायला तिला पाण्याबाहेर काढावेच लागते, आणि तेवढे महिने ताफ्याला मध्यच नसतो. अमेरिकेच्या कायद्याने अकरा विमानवाहू नौका बाळगणे बंधनकारक केले आहे, तरी त्यांतल्या बऱ्याच एका वेळी दुरुस्ती किंवा सरावात असतात. दोन नौका असलेल्या भारताला सलग एक ताफा समुद्रावर ठेवणे म्हणूनच कठीण जाते. जून २०२३ मध्ये ‘विक्रमादित्य’ आणि ‘विक्रांत’ अरबी समुद्रात एकत्र आल्या, पस्तीसहून अधिक विमानांनी त्या सरावात भाग घेतला. मे २०२५ च्या ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये ‘विक्रांत’चा ताफा उत्तर अरबी समुद्रात तैनात होता.

त्याच वर्षी मार्चमध्ये ‘विक्रांत’ने फ्रान्सच्या ‘शार्ल द गॉल’सोबत ‘वरुण’ सराव केला आणि ऑक्टोबरमध्ये ‘प्रिन्स ऑफ वेल्स’सोबत ‘कोकण’ सराव. अशा वेळी दोन देशांचे फरक समोरासमोर येतात. फ्रेंच नौकेवरून हॉकआय तासन्तास वर राहते, भारतीय नौकेवरून कामोव्ह आळीपाळीने चढतात. एप्रिल २०२५ मध्ये भारताने २६ राफेल-मरीन विमानांचा करार केला. त्यांमुळे मारा आणि हवाई संरक्षण दोन्ही सुधारेल. उंचावरून पाहण्याचा प्रश्न त्यातून सुटत नाही. तो किनाऱ्यावरून येणाऱ्या पी-८आय विमानांनी काही प्रमाणात भागवला जातो, पण त्यांचे काम मुख्यतः पाणबुड्या आणि जहाजे शोधण्याचे आहे, आणि नौका किनाऱ्यापासून जितकी दूर जाईल तितका त्यांचा वेळ ये-जा करण्यात जातो. पुढच्या भारतीय नौकेवर कॅटापल्ट असावा की उतार, हा वाद म्हणूनच लढाऊ विमानांपेक्षा टेहळणी विमानाचा अधिक आहे.